पाणी मागणारा हवालदार

ठाण्यात चोर पकडायला पुष्कळ, बंदोबस्ताला पुष्कळ; पण मेल्याची खबर कुणाच्या घरी न्यायची म्हटली की सगळ्यांना नेमकं दुसरं काम निघायचं. उरायचा देवानंद हवालदार. खातं माणसाला कवायत शिकवतं, कलमं पाठ करून घेतं. आईला तिचा मुलगा गेला हे कसं सांगायचं, ते मात्र ज्याचं त्यानं शिकावं.

देवानंद चुकीतून शिकला. नोकरीच्या सुरुवातीला त्यानं एका म्हाताऱ्याला दारातच सांगून टाकलं. म्हातारा पायरीवरून कोसळला, तो उठलाच नाही. तेव्हापासून देवानंद टोपी काढून आधी पाणी मागायचा. तेवढ्यात घरचे जवळ येतात, माणूस खाली टेकतो. युक्ती चांगली, पण गाव काय दूधखुळं असतं? देवानंदानं पाणी मागितलं की घरातलं कुणीतरी गेलं, हे साऱ्यांना कळून चुकलं. भर उन्हाळ्यातही बिचाऱ्याला घोटभर पाणी मागायची चोरी झाली.

मेहकर रस्त्यावर पिकअप उलटून प्रसेनजित गेला, तेव्हा साहेब म्हणाले, "देवानंद, तुमच्या मावसबहिणीचा मुलगा तो. पायलला पाठवतो." पायल नवी शिपाई होती.

"नाही साहेब, मीच जातो. परक्याच्या तोंडून नको तिले."

वाटेत त्यानं ठरवलं, मावसबहीण सिंधूताईकडे पाणी मागायचं नाही. नुसत्या त्या शब्दानंच ती मोडून पडेल. जरा बसू, मग हळूच सांगू.

दारात वर्दी पाहून सिंधूताई पांढरीफटक पडली. देवानंद टोपी न काढताच खाटेवर बसला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं मोठा श्वास सोडला आणि चक्क हसली.

"काय रे देवा, जीवच गेला व्हता माहा! तू पाणी नाही मांगतलं, तवा कुठं जीवात जीव आला."

तिनं चुलीवर चहा चढवला. "प्रसेनजितले चिखलीची पोरगी पाह्यली. तू मामा हायेस, तुले बोलणीले येणंच लागते. बस, तो येऊनच राह्यला अशीन. त्याचाबी चहा टाकते."

हे आपण काय करून बसलो! ती तीन कप मांडत होती. इतकी घरं फिरला, पण त्याला कधी रडू आलं नव्हतं. आता डोळे पुसत त्यानं टोपी काढली.

"सिंधूताई," तो म्हणाला, "पाणी दे."