अदाउतो मेस्त्रींचं शेवटचं जोडकाम

अदाउतो मेस्त्रींना दिसत नव्हतं, हे आमच्या गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. अगदी आंधळे नव्हते. माणूस दिसायचा, स्क्रू दिसायचा नाही. तो ते बोटांनी चाचपून शोधायचे. आमच्या रेसिफे शहरातल्या बाजारामागे पस्तीस वर्षं, आधी रेडिओ, मग टीव्ही, मग लॅपटॉप उघडण्यात गेलेली ती बोटं. गिऱ्हाईक समोर असलं की भिंग डोळ्याला लावून उगाच ‘हं हं’ करायचे. भारी नाटकी माणूस, आणि तितकाच गर्विष्ठ.

त्यांची मुलगी रोझिनेते मात्र संशय धरून होती. “बाबांच्या हातून एक जरी वस्तू बिघडली, तर दुकानाला कुलूप लावणार आणि यांना कारुआरूला माझ्या घरी घेऊन जाणार,” असं तिनं सगळ्यांदेखत बजावलं होतं. तिथं तिसऱ्या मजल्यावर बसून ते करणार काय? “त्यापेक्षा मला आधी पुरा,” मेस्त्री म्हणायचे.

मी एका फर्निचरवाल्यासाठी स्वयंपाकघरांची चित्रं काढते. पडद्यावर कपाट फिरवून दाखवायला गेलं की माझा लॅपटॉप धापा टाकायचा. म्हणून भावानं माहेरून, सॅल्वादोरहून, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड पाठवलं, आणि त्याला वीज पुरवणारा डबाही. रोझिनेतेची धमकी ठाऊक असून मी ते सगळं मेस्त्रींच्याच टेबलावर नेऊन ठेवलं. दुसरीकडे गेले असते तर त्यांना लागलं असतं.

“एवढं धूड लॅपटॉपच्या पोटात कसं मावायचं, मेस्त्री?”

“पोटात कोण घालतंय? बाहेरच राहील. आतलं वायफायचं कार्ड काढायचं, त्या जागी ही केबल. तू तोंड आवर आणि कॉफी ओत.”

सकाळभर ते राबले. चिमुकली खाच बोटानं शोधली, केबल बसवली, एकदाही चुकले नाहीत. मला खरंच त्यांचा अभिमान वाटला. शेवटी डब्याच्या मागच्या, विजेचा दाब ठरवणाऱ्या लाल बटनावर त्यांचं बोट थांबलं. त्यावरचा आकडा काही बोटाला कळत नाही.

“जुसेलिया, हे बटन बरोबर आहे ना?” माझी परीक्षा घेतल्यासारखं त्यांनी विचारलं. आकडा वाच, असं म्हणवलं नाही त्यांना.

मी वाकून पाहिलं. एकशेपंधरा. माहेरी ते नेहमी तिथंच असायचं. “बरोबर आहे,” मी मक्याच्या कुसकुसचा घास चावत म्हणाले.

त्यांनी प्लग लावला आणि धाडकन आवाज झाला. दुकानात धूर भरला. कार्ड जळलं, लॅपटॉपही पुन्हा सुरू झाला नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सॅल्वादोरला घराघरांत एकशेदहाची वीज, तिथं एकशेपंधरावर चालतं; रेसिफेला दोनशेवीसची, इथं बटन दुसऱ्या टोकाला हवं. अठरा वर्षं मी या गावात राहते आहे.

आवाज ऐकून बाजार गोळा झाला. संध्याकाळी रोझिनेते आली, ती कुलूप घेऊनच.

“मी विचारलं होतं,” मेस्त्री म्हणाले. “बटन बरोबर आहे का, म्हणून हिला विचारलं होतं. सांग गं, जुसेलिया.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लॅपटॉप माझा गेला, काम माझं गेलं, वर गावासमोर मूर्खही मीच ठरू? लाज वाटली, रागही आला.

“नाही हो,” मी म्हणाले. “मला कुणी काही विचारलं नाही.”

मेस्त्रींनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. “नाही विचारलं?”

“नाही, मेस्त्री.”

ते बराच वेळ आठवत राहिले.

“मग राहिलं असेल,” ते मुलीला म्हणाले. “डोळे तर गेलेच होते, पोरी. आता डोकंही चाललं.” आणि सगळ्यांदेखत हात पुढे करून तिचा हात चाचपू लागले.