पहिला मुक्काम दहिसर

आमच्या सोसायटीच्या गेटवर आम्हा दोघांचे फोटो असलेला बोर्ड लागला, तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं होतं, हे काही ठीक दिसत नाही. मुलुंडमध्ये असे बोर्ड लागतात ते कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस असला की, नाहीतर कोणीतरी गेलं की. बोर्डावर 'जगप्रवासास हार्दिक शुभेच्छा' असं ठळक लिहिलं होतं. पण सेक्रेटरींनी नवऱ्याचा पासपोर्टवरचाच फोटो छापायला दिल्यामुळे येणारे-जाणारे आधी थबकायचे, चेहरा पाडायचे आणि मग खालचं वाचायचे.

नवरा अंधेरीला एमआयडीसीत एका पंपांच्या कारखान्यात होता. मी घाटकोपरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. जगाचा नकाशा मी इतकी वर्षं खिळ्याला टांगला आणि गुंडाळून ठेवला, पण त्यातल्या भारताबाहेरच्या एकाही रंगावर माझा पाय पडला नव्हता. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. आम्ही दोघंही निवृत्त झालो. मग एका सकाळी चहा पिताना हा म्हणाला, "आपण जाऊया का?"

"कुठे?"

"सगळीकडे."

मला वाटलं, फार तर माथेरान. पण त्याचं सगळं ठरलेलं होतं. घर भाड्याने द्यायचं, सामान वाटून टाकायचं आणि गुडघे चालतील तोवर एका देशातून दुसऱ्या देशात जात राहायचं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "आधी युरोप."

वर्षभर आम्ही घर रिकामं करत होतो. साड्या बहिणीला गेल्या, नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट वॉचमनला गेले. कपाटं, मिक्सर, पाटा-वरवंटा, सगळं कुणाकुणाच्या घरी पोचलं. शेवटी दोघांच्या पाठीवरच्या दोन बॅगा राहिल्या. त्यात पटकन वाळणारे कपडे आणि जिकडे तिकडे खिसे असलेल्या पँटी. आयुष्यात पहिल्यांदा मी पँट घालणार होते आणि तिच्या गुडघ्यालासुद्धा खिसा होता.

रविवारी सोसायटीने निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ, सेक्रेटरींचं लांबलचक भाषण, त्यात आमचं वर्णन 'आपल्या विंगचे दर्यावर्दी'. बायकांनी ओटी भरली. मंगळवारचं विमान होतं.

मंगळवारी सकाळी एजंटचा फोन आला. "मॅडम, पासपोर्ट वकिलातीतून सुटले नाहीत अजून. आज नाही तर उद्या. परवा तर नक्कीच." कुठल्या देशाची वकिलात ते मी सांगणार नाही, मला तिकडे पुन्हा जायचंय.

"मग आज काय?" मी विचारलं.

"आज आराम करा ना," एजंट म्हणाला.

आराम कुठे करणार? भाडेकरूंचा टेम्पो खाली लागला होता आणि त्यांचा फ्रिज जिन्यात अर्ध्यावर आला होता. खाली गेटपाशी अख्खी विंग उभी. मी नवऱ्याला म्हटलं, "चल, सांगून टाकू." तो हो म्हणाला. खरंच म्हणाला. पण आम्ही खाली उतरलो आणि समोरच्या दारातल्या मैत्रिणीने, म्हणजे सेक्रेटरींच्या बायकोने, पुढे होऊन आमच्या हातावर दही-साखर ठेवली. तिचे डोळे भरले होते. पाठीमागे कोणीतरी नारळ फोडला. नवरा माझ्या कानात म्हणाला, "आत्ता? हातावर दही असताना?"

टॅक्सी आली. आम्ही बसलो. सगळे हात हलवत होते. ड्रायव्हरने विचारलं, "एअरपोर्ट ना, साहब?"

"आधी गेटबाहेर तर घे, बाबा," नवरा म्हणाला. मग हळूच, "दहिसर. ठाणे, घोडबंदर से."

ड्रायव्हरने सरळ डावा इंडिकेटर दिला. मागून सेक्रेटरी ओरडले, "अरे, उजवीकडे! एअरपोर्ट उजवीकडे!" चार-पाच जण टॅक्सीमागे धावले. एकाने डिकीवर थाप मारली. ड्रायव्हर बिचारा घाबरला आणि वळला उजवीकडे. पुढच्या सिग्नलवरून आम्ही यू-टर्न घेतला. पण आता ठाण्याकडे जायचं तर पुन्हा गेटसमोरूनच जावं लागणार होतं आणि विंग अजून तिथेच गप्पा मारत उभी होती. मी आणि नवरा मागच्या सीटवर डोकी गुडघ्यात घालून बसलो. पुडीत बांधून घेतलेले ओटीचे तांदूळ माझ्या मांडीवर सांडले.

ड्रायव्हर आरशातून बघत होता. गेट मागे पडल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "साहब, कुछ लफडा है तो मेरे को अभी बोलो."

दहिसरला नवऱ्याची आत्या राहते. तिचे यजमान, आमचे काका, कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर दोघं दहिसरच्या एका चाळीत आली. पुढे चाळीचा टॉवर झाला आणि आत्या अकराव्या मजल्यावर गेली. काका तेवढं बघायला राहिले नाहीत. आत्या एकटी असते, मालवणी बोलते आणि सगळं जग थोडं बहिरं आहे असं समजून मोठ्याने बोलते.

तिने दार उघडलं. आमच्या बॅगा, बूट, टोप्या वरपासून खालपर्यंत बघितल्या.

"काय रे, झाला जग फिरान?"

नवऱ्याने सगळं सांगितलं. ती आत वळली. "येवा. पाय धुवा. माझ्याकडे व्हिसा लागणा नाय."

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'पोचलात का?'

नवऱ्याने उत्तर टाकलं, 'पोचलो. सुखरूप.'

मी म्हटलं, "अरे, हे काय लिहिलंस?"

"पोचलो की नाही आपण? कुठे ते त्यांनी विचारलंच नाही."

कारखान्यात त्याने कधी खोटा रिपोर्ट लिहिला नाही, असं तो नेहमी सांगायचा. आताही त्याने एकही खोटं वाक्य लिहिलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. हवा कशी आहे? 'दमट.' खायचे हाल नाहीत ना? 'अजिबात नाही. मासे फार ताजे मिळतात.' भाषा? 'आपल्यापेक्षा वेगळी आहे, पण कळते.' लोक? 'प्रेमळ. मोठ्याने बोलतात.' राहायची सोय? 'एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहतोय. त्या स्वतः रांधून वाढतात.'

त्यावर अंगठे, हृदयं, टाळ्या. एकाने लिहिलं, 'यालाच म्हणतात खरा प्रवास, हॉटेलात काय मजा!' नवऱ्याने आत्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या नॅशनल पार्कच्या डोंगराचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली पहिलीच प्रतिक्रिया होती, 'युरोप तो युरोप.'

आज-उद्या करता करता आठवडे गेले. एजंट रोज म्हणायचा, "हो जाएगा, मॅडम." आमच्याकडे दुसरे कपडे नव्हते. त्यामुळे दहिसरच्या बाजारात आम्ही डोंगर चढायचे बूट आणि त्या खिसेवाल्या पँटी घालून भाजी आणायला जायचो. कोथिंबीर गुडघ्याच्या खिशात अगदी झकास बसते. आमची नेहमीची मासेवाली गोराईची. गळ्यात क्रूस, कमरेला घट्ट लुगडं. तिने पहिल्या दिवशी नवऱ्याला हिंदीत भाव सांगितला. तो मराठीत बोलल्यावर म्हणाली, "मराठी हाईस? मंग असा का फिरतोस रे, सर्कशीत हाईस काय?"

विमानात मानेखाली घ्यायची उशी आत्याने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. मालिका बघताना ती गळ्यात घालून बसायची आणि म्हणायची, जगप्रवासाचा हा एवढा फायदा बरा झाला.

मला मात्र आत कुठेतरी लाज वाटत होती. मैत्रीण मला रोज वेगळा मेसेज करायची. 'तुझी फार आठवण येते गं. समोरचं दार उघडलं की दुसराच माणूस दिसतो.' मी तिला काय लिहिणार? 'मलाही येते', एवढंच. तेही खरंच होतं. घर सोडलं म्हणजे घर सुटतं, असं मला वाटायचं. इथे तर मी घरापासून तासाभरावर बसून घरासाठी झुरत होते आणि जाऊ शकत नव्हते, कारण मी युरोपात होते.

एका सकाळी आत्याचं पीठ संपलं. मी फोन चार्जिंगला लावला आणि आम्ही दोघं डबा घेऊन नाक्यावरच्या गिरणीत गेलो. परत आलो तर आत्या दारातच.

"तुझो फोन इल्लो. उचललंय मी."

"कुणाचा?"

"एक बाई दिसा होती. बरी होती. माका नमस्कार केल्यान."

माझ्या हातातला डबा नवऱ्याने काढून घेतला म्हणून पीठ वाचलं. मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल होता. समोर आत्या, अंगात गाऊन, गळ्यात उशी, मागे भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो आणि मालवणच्या कुठल्याशा देवळाचं कॅलेंडर.

"तू काय सांगितलंस तिला?" नवऱ्याने विचारलं.

"काय सांगतलंय? म्हटलंय, ती दोघा दळण आणूक गेली हत. दहा मिन्टांनी कर."

"आणि?"

"ती म्हणाली, कुठे? मी म्हटलंय, खंय म्हणजे? नाक्यार!" मग आमचे चेहरे बघून तिचा आवाज चढला. "माका कोणी सांगला होता लपवचा म्हणान?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मी फोन हातात घेतला. मैत्रिणीचा एकच मेसेज होता. 'दळण जाडं की बारीक?'

मी तिला तिथल्या तिथे फोन केला. पहिली दोन मिनिटं ती हसत होती की रडत होती ते कळेना. मग म्हणाली, "पत्ता पाठव."

रविवारी दोघं आली. सेक्रेटरी दारातच रागावलेले. आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले. "बोर्ड अजून गेटवर आहे," ते म्हणाले. "मी रोज त्याच्यावरची धूळ पुसतोय. आणि तुम्ही इथे? दहिसरला?" दहिसर हा शब्द त्यांनी असा उच्चारला की आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय वायट आसा दहिसरात?"

"नाही, नाही, तसं नाही."

"मगे जेवान जावा."

जेवणात सुरमईची आमटी होती. दुसऱ्यांदा भात घेताना सेक्रेटरींनी खिशातून फोन काढला आणि नवऱ्याचे मेसेज वरून खाली तपासायला लागले. "दमट. बरोबर. मासे ताजे," त्यांनी ताटाकडे बघितलं, "बरोबर. मोठ्याने बोलतात..." त्यांनी आत्याकडे बघितलं आणि मग मात्र त्यांना इतकं हसू फुटलं की ठसका लागला. आत्याने त्यांच्या पाठीत जोरदार धपाटे घातले.

पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, "आता एक पंचाईत आहे. माझे वडील." त्यांचे वडील पडल्यापासून अंथरुणावर आहेत, हे आम्हाला माहीत होतं. "मी त्यांना तुमचे मेसेज रोज वाचून दाखवतो. जेवण झालं की विचारतात, आज त्या म्हातारीने काय रांधलं? त्यांना काय सांगू मी?"

मग आत्याच म्हणाली, "सांगा, तिसऱ्यांचा सुका केल्यान. फाल्यां करतलंय." आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून शिंपल्या आणून तिने ते सुकं खरंच केलं.

त्या दिवसापासून आत्या नवऱ्याच्या शेजारी बसून स्वतःच मजकूर सांगायला लागली. मुलुंडहून प्रश्न यायचे, कोकम घातलं होतं का, नारळ किती. ती चिडून उत्तरं द्यायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं काहीतरी करायची. मैत्रीण तर दर बुधवारी जेवायलाच यायला लागली. मुलुंडला आम्ही समोरासमोर राहत होतो, पण इतकं निवांत कधी बसलो नव्हतो.

आणि मग एका दुपारी पासपोर्ट आले. शिक्क्यांसकट. एजंटच्या बोलण्यात असा सूर की हे सगळं त्यानेच आमच्या भल्यासाठी केलं.

मला आनंद झाला. मुलुंडहून निघताना मी रडले नव्हते. दहिसरहून निघताना कपबशा विसळता विसळता रडले. आत्या म्हणाली, "नाटका पुरे. कप फुटात."

या वेळी ना नारळ, ना दही-साखर. सेक्रेटरींनी बजावलं होतं, "एकदा निरोप दिला की दिला. पुन्हा नाही." विमान दुपारचं होतं. आत्या हट्टाने टॅक्सीत बसली. विमानतळाच्या दाराशी बंदूकवाल्या जवानाने तिला अडवलं. तिकीट नसताना आत जाता येत नाही हे तिला पटेना. शेवटी तिने नवऱ्याच्या गालावरून हात फिरवला. "थंय मासे गावतत ना रे?"

"गावतत," तो म्हणाला.

"तिला टॅक्सीत बसवून देऊ," मी म्हटलं. तिने हातानेच उडवून लावलं आणि पाठ फिरवून चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्या देशात उतरल्यावर बाहेर बोचरी थंडी होती. पाट्या वाचता येत नव्हत्या. बस कुठून सुटते ते कोणाला विचारावं कळत नव्हतं. आम्ही बाकावर बॅगा टेकवल्या आणि आधी आत्याला फोन लावला.

"पोचलो गं," नवरा ओरडला.

"मी पण पोचलंय!" आत्या त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "काल मेट्रोन इलंय. एकटी! दोनदा बदलून! तो सरकतो जिनो, माका भीती वाटा होती, मगे एका कॉलेजातल्या चेडवाचो हात धरलंय आणि चढलंय. वरसून सगळा दिसता रे, सगळा! अंधेरी दिसता, जोगेश्वरी दिसता, गोरेगाव दिसता..."

समोरून एक बस गेली. बहुतेक आमचीच होती. नवऱ्याने तिच्याकडे एकदा बघितलं, फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या शेजारी बसला. आत्या अजून गोरेगावातच होती.