बाहेरची कडी

आईला त्यांनी खुर्चीला बांधलं होतं. तिच्याच पदराने.

पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी, वॉचमनची ती तुटकी प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्यावर माझी आई. पदर पोटावरून घेऊन मागे गाठ मारलेली. लोक स्कूटर काढत होते, पोरांना स्कूलबसला सोडत होते. बघत होते. जात होते.

मला बघून ती म्हणाली, "आलीस गो? हात लाव. मना उठता येत नाय."

गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. तोंड जवळ नेलं तेव्हा तिच्या केसांना मोगऱ्याचा वास आला. फुलाचा नाही, बाटलीतला. संडासात मारतात तो.

वॉचमन मान खाली घालून उभा होता. "ताई, सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं म्हणून बांधलं. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती." मग आवाज बारीक करून म्हणाला, "स्प्रे चौथ्या मजल्यावरच्या मॅडमनी मारला."

आमचा फ्लॅट रोडपालीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो, आठवडा आठवडा घरी नसतो. मी तळोज्याला एका कंपनीत पॅकिंगला. पहिली पाळी. आई माझ्याकडे असते, कारण गव्हाणचं घर पाडून भावाने इमारत बांधली आणि त्या अख्ख्या इमारतीत आईपुरती खोली निघाली नाही. तिला सांभाळायला एक बाई येते. मी निघते आणि ती येते, यामध्ये थोडा वेळ आई एकटी असते. झोपलेली असते. त्या दिवशी नव्हती. वॉचमनचा फोन आला आणि मी अर्ध्या वाटेतून परत आले.

आई विसरते. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. माझं नाव विसरते, जेवली ते विसरते, माझे वडील गेले ते विसरते. धंदा मात्र विसरत नाही. चाळीस वर्षं तिने गव्हाणहून येऊन पनवेलच्या बंगल्यांतून म्हावरं विकलं. सकाळ झाली की अजून तिचे पाय उठतात. घरात पाटी नाही, म्हणून ती कपड्यांची टोपली घेते. डोक्यावर टॉवेलची चुंबळ करते, तिच्यावर टोपली ठेवते आणि निघते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी.

त्या दिवशी ती चौथ्या मजल्यावर गेली. मॅडमकडे पाहुणे आले होते. दार उघडंच होतं. उंबऱ्यापाशी उभी राहून ती म्हणाली, "हात लाव गो बाय. बोंबील ताजं हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. भरलेली पाटी एकटीला डोक्यावरून उतरवता येत नाही. मान मोडेल. म्हणून घेणारी बाई आधी पुढे येते, पाटीला हात लावते, मग भाव. जी हात लावेल तिच्या वाट्यात दोन मांदेली जास्त टाकायची, ही आमची रीत. लहानपणी मी आईबरोबर जायची तेव्हा बघायची. काही बाया पटकन यायच्या. काही दारातूनच सांगायच्या, "तिकडे, नळाजवळ." आणि आई डोक्यावर ओझं घेऊन उभी. मी टाचा उंच करायची. माझे हात पोचायचे नाहीत. मला तेव्हा रडू यायचं आणि आई हसायची.

मॅडमने हात लावला नाही. स्प्रे मारला. टोपलीत मासळी नव्हती हो. उशीचा अभ्रा होता.

मी आईला उठवत होते तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन.

"तिच्याच सेफ्टीसाठी बांधलं. कोणी मारलं नाही तिला."

मी काय केलं? हात जोडले. "चुकलं साहेब. परत नाही होणार."

"एक समजून घ्या," ते म्हणाले. "फ्लॅट घेतला म्हणून कोळीवाडा इथे आणायचा नसतो. रविवारी मिस्त्री पाठवतो. तुमच्या दाराला बाहेरून कडी बसवून घ्या. कामाला जाताना लावत जा. नाहीतर मग आश्रम बघा."

"बरं साहेब," मी म्हणाले.

आईला घेऊन मी जिन्याने वर गेले. लिफ्टने गेले नाही. लिफ्टमध्ये कोणीतरी असेल, या भीतीने. स्वतःच्या इमारतीत. ज्या लिफ्टचा मेंटेनन्स मीही भरते.

मी आधीच घाबरलेली बाई आहे. आई एकदा हायवेपर्यंत गेली होती. गव्हाणला निघाली होती म्हणे, होडी आली असेल म्हणून. एका रिक्षावाल्याने आणून सोडली. त्या दिवशी नवरा जेवता जेवता म्हणाला, "ट्रेलरच्या अगदी नाकासमोर म्हातारं माणूस आलं ना, तर वरून दिसत नाही." तो उगाच बोलला. पण मला आता प्रत्येक ट्रेलरखाली माझी आई दिसते. मशीनवर खोके चिकटवताना दिसते.

म्हणून खरं सांगते, मला ती कडी हवीशी वाटली. निदान हायवे तरी टळेल.

रविवारी मिस्त्री आला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर हत्यारांची जड पिशवी. तो ती खाली ठेवायला वाकला आणि आई आतून लगबगीने आली. पिशवीखाली दोन्ही हात घातले.

"थांब रं. येकट्यानं उतरवू नको. कंबर जाईल तुजी."

मिस्त्रीही थांबला. दोघांनी मिळून पिशवी खाली ठेवली. आईने हात लुगड्याला पुसले आणि दारातच बसली, त्याचं काम बघत.

त्याने चौकटीवर पेन्सिलने खूण केली. बाहेरच्या बाजूने. म्हणाला, "ताई, लांब स्क्रू टाकतो. आतून कितीही ओढलं तरी निघणार नाही."

आई गॅस पेटवते. चहा ठेवते आणि विसरते. दोनदा पातेलं काळं झालं. मला ते आठवलं आणि मी विचारलं, "आत आग लागली तर?"

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं.

"मग नाही निघणार," तो म्हणाला.

दाराच्या आत उभी राहून ओढणारी आई मला दिसली. ती ओरडून हात मागतेय आणि सगळी इमारत ऐकतेय. हायवेवर निदान कोणी रिक्षावाला थांबला होता. इथे कोण थांबणार? परवा पार्किंगमध्ये कोण थांबलं होतं?

आणि तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. उशिरा आला, पण आला. यांना आईची काळजी नाही. यांना आई दिसायला नको आहे. आणि ते काम हे माझ्या हातून करून घेणार. कडी मी लावणार. रोज. स्वतःच्या आईवर.

"नको बसवू," मी म्हणाले.

मिस्त्रीने लगेच ड्रिल पिशवीत टाकलं. जणू वाटच बघत होता.

मिस्त्रीला परत जाताना बघून सेक्रेटरी वर आले. "काय चाललंय? परत काही झालं तर मी पोलीस कंप्लेंट करीन."

चोराच्या उलट्या बोंबा. या वेळी मी हात जोडले नाहीत. "करा. मीपण करते. माझ्या आईला खुर्चीला बांधल्याची. कॅमेऱ्याखालीच बांधलीत तुम्ही. फुटेज पुसलंत तर तेही सांगते."

ते हसले. "तुम्ही? कंप्लेंट?"

हो, मी.

आईला घेऊन निघाले. लिफ्टने. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं होतं. ते कोपऱ्यात सरकलं. सरकू दे. रिक्षात आईने विचारलं, "बाजार लांब हाय का?" मी म्हटलं, "नाय आये. जवलच हाय."

उद्याचं काय ते डोक्यात फिरत होतं. सुपरवायझरला सांगून दुसरी पाळी मागायची. नाही दिली तर नोकरी सोडायची का, माहीत नाही. सकाळी आईबरोबर मी फिरायचं, तिला हवं तिथे. गळ्यात नाव-नंबराचं कार्ड. गॅसचं बटण सिलिंडरपाशी बंद. इमारतीत राहायचं ते राहायचंच. दारावर कोणी थुंकेल, पाणी तोडतील, नवऱ्याला चार गोष्टी सांगतील. भीती गेली नव्हती. आजही गेलेली नाही. फक्त आता ती मला मान खाली घालायला लावत नाही.

पोलीस ठाण्यात बाकावर आई माझ्या शेजारी बसली. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि लिहायला घेतलं.

"बांधलं वॉचमनने ना? त्याचं नाव सांगा. त्याच्यावरच घेतो."

"नाही," मी म्हणाले. "हात त्याचे होते. हुकूम दुसऱ्याचा होता."

हवालदाराने पेन थांबवलं. "ताई, त्याच इमारतीत राहायचंय तुम्हाला. मोठ्या माणसाचं नाव घ्यायचंय? विचार करून सांगा."

"विचार केलाय," मी म्हणाले. "लिहा."

आणि मी सेक्रेटरीचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.