न बोललेल्या आजोबांची तक्रार

मी मेंदूविकारतज्ज्ञ. भुताखेतांचे किस्से ऐकले की मला भीती नाही, झोप येते. तरीही हे लिहितेय... कारण घडलं ते माझ्याच केबिनमध्ये, भरदुपारी.

सोलापुरात माझं क्लिनिक आहे. पेशंट तपासण्यापेक्षा नोंदी टाइप करण्यातच जीव जायचा, म्हणून मुलीच्या आग्रहाने एआय सॉफ्टवेअर घेतलं. पेशंटची परवानगी घेऊन सुरू करायचं. ते बोलणं ऐकतं, केसपेपर लिहितं. मी वाचून सही करायची, बस्स.

त्या दिवशी मंद्रूपचे गुरुलिंगआजोबा आले होते. स्ट्रोकनंतर त्यांची वाचा गेलेली – शब्द सोडा, हुंकारही नाही. त्यांचं सगळं सांगतात त्या त्यांच्या पत्नी, महादेवीआजी.

"जेवत्यात, झोपत्यात. पण माझ्यावर सारखं डोळं वटारत्यात की!"

"आणि तुम्ही कशा आहात?" मी सहज विचारलं.

"मला काय धाड भरलीय, बाई?"

आजोबा त्यांच्याकडे एकटक बघत होते. मी सहीसाठी स्क्रीनकडे वळले... 'पेशंटची तक्रार' म्हणून लिहिलं होतं – 'बायकोच्या छातीत कळ येते. चुलीपाशी बसून घेते. कुणाला सांगत नाही.'

हे सॉफ्टवेअर कधीकधी मनचंही लिहितं, हे मला माहीत होतं. खोडणारच होते. पण हात थांबला.

"आजी, छातीत कळ आली की चुलीपाशी बसता का?"

आजींचा चेहरा उतरला. "तुमाला कुणी सांगितलं? घरात बी कुणाला म्हाईत न्हाय."

ताबडतोब ईसीजी काढला. हार्ट अटॅकची सुरुवात होती. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. आजी वाचल्या.

नंतर मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. आजी, मी आणि पंख्याची घरघर. बाकी काही नाही. कंपनीवाले म्हणाले, "मॅडम, एआय कधीकधी वाक्यं जोडतं." जोडत असेल हो... पण नेमकी खरी?

पुढच्या भेटीत आजींना सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील. त्या आजोबांच्या सदऱ्याची गुंडी लावत म्हणाल्या, "त्यात काय नवल? मला रोज ऐकू येतंय की ह्यांचं. लई बडबड करत्यात."

आजोबा हसले. अर्धाच चेहरा हलला.

त्यांचा एमआरआय मी परत काढून पाहिला. त्यात बोलण्याची जागा पार गेलेली दिसते. याचा अर्थ कसा लावायचा, मला आजही कळलेलं नाही. हल्ली मात्र मी आजींच्या आधी आजोबांना विचारते, "काय म्हणताय?" – आणि थोडा वेळ गप्प बसून राहते.