गणितातली पाचवी बाई
गुलाबपाण्याचा वास आला की मला साताऱ्याजवळच्या एका शाळेतला शिष्यवृत्तीचा तास आठवतो. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल, संक्रांतीचे दिवस, पत्र्याखालची खोली गारठलेली, आणि मी चौथीच्या मुलांकडून सायक्लोस्टाइलच्या शाईने बोटं काळी करणारी सरावाची प्रश्नपत्रिका सोडवून घेत होते. हळदीकुंकवाला जमलेल्या पाच बायकांनी एकमेकींना कुंकू लावलं, तर एकूण किती वेळा लावलं? निम्म्या वर्गाने दहा लिहिलं होतं. मी समजावलं, दोघींनी हात मिळवला तर तो एकदाच मोजायचा, पण कुंकू ही तिला लावते आणि ती हिला, म्हणून वीस. एका मुलीच्या वहीत मात्र बारा होते. "बारा कसे गं?" मी विचारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, चारच जणी लावत्यात की. पाचवी आत चा करती, आमच्या आईवानी." तिचे फौजेतले वडील दिवाळीतच वारले होते, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "गणितात असलं काही नसतं," आणि बारावर लाल फुली मारली. तिने खाली वीस लिहिलं. यंदा सांगलीत सुनेने हळदीकुंकू केलं. हे गेल्यानंतरची ही पहिलीच संक्रांत. मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं, बायका येऊ लागल्या तशी मीच आत गेले. बाहेर गुलाबपाणी शिंपडलं, आणि चहा गाळता गाळता मी सवयीने बायका मोजल्या. चौघी होत्या.