पहिला विडा

आम्हा तमिळ घरांत नवरात्रात बाहुल्या मांडायच्या लाकडी पायऱ्या यंदा मी स्वतः केल्या. फळ्या खिळ्यांशिवाय खाचेत बसवायच्या होत्या. वडिलांच्या फर्निचरच्या कारखान्यात वाढलेली माझी सून संयुक्ता मला खाच पाडायचा रंधा शिकवत होती. मला कुणी शिकवलेलं खपत नाही. दारातल्या कोलम-रांगोळीची रेघ ओढावी तसा मी रंधा एका दमात रेटला. खाच वाकडी गेली, फळी वाया गेली. ती चिडली नाही.

"अम्मा, आधी पलीकडच्या टोकाला खाच पाडा, मग थोडं थोडं मागे या."

दुसऱ्या फळीवर तसं केलं, तशी खाच सरळ उतरली.

बाहुल्या बघायला बायका आल्या. हळदीकुंकू, विडा आधी पाहुण्यांना द्यायचा, सुनेला शेवटी. मी पहिला विडा संयुक्ताच्या हातात ठेवला. बायका बघत राहिल्या. बघू देत.