पालक म्हणून कोण येणार?

गल्लीत तिला सगळे कडकताई म्हणायचे. लाँड्री तिची, इस्त्री कडक, आणि जीभ त्याहून कडक. "उद्या देते" म्हणाली की उद्या कपडे मिळणार. "हा डाग निघायचा नाही" म्हणाली की ब्रह्मदेव खाली आला तरी निघणार नाही. कुणी हुज्जत घालायला लागलं तर ती इस्त्री उभी करून ठेवायची आणि नुसतं बघायची. तेवढ्यावर भागायचं.

लग्न तिचं जमलं नाही की तिनं जमू दिलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. धाकटी बहीण बाळंतपणात तापाचं निमित्त होऊन गेली, आणि तान्ही चिमणी तिच्याकडे आली. कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये पाळणा, वाफेच्या आवाजावर झोप, असं ते पोर वाढलं. शेजारणी कौतुकानं म्हणायच्या, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काही खोटं नाही." कडकताईला ती म्हण मुळीच आवडायची नाही. कौतुक मावशीचं आणि मरायचं मात्र मायनं, हा कुठला न्याय?

चिमणीचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. बायको गेल्यावर हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसून राहायचा. बाळ हातात दिलं की लगेच परत द्यायचा. पुढे तो सुट्टीच्या दिवशी येऊ लागला, पण तोवर चिमणीला माणसं ओळखू यायला लागली होती आणि त्याला बघताच ती भोकाड पसरायची. एकदा कडकताई दारातच म्हणाली, "पोर घाबरते तुम्हाला. येत जाऊ नका." त्यानं मान हलवली आणि जिना उतरून गेला. परत आला नाही. कडकताईला हायसं वाटलं होतं. का वाटलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं: उद्या याचं डोकं ठिकाणावर आलं आणि 'माझी मुलगी मला द्या' म्हणाला, तर आपण कोण? मावशी. मावशीला कोण विचारतं?

अशी वर्षं गेली. चिमणी शाळेत जाऊ लागली, तिचे पुढचे दात पडून नवे आले. आणि मग कडकताईच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, डोक्यात जहाज शिरलं.

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. दादा म्हणाला, "सगळ्यांनी क्रूझवर जायचं. जहाजच हॉटेल. बाबांना कुठे चालायला नको, काही नको."

"पासपोर्ट लागत असेल," वहिनी म्हणाली.

"छे! जहाज इथूनच सुटतं, इथेच परत येतं. पासपोर्ट कशाला?"

सगळे मिळून बुकिंगला गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी दादाला हात जोडले. "साहेब, सगळे असंच म्हणतात. जहाज मधे दुसऱ्या देशाच्या बंदराला लागतं. अंगावर पिणारं बाळ असलं तरी त्याचा स्वतःचा पासपोर्ट हवा. आणि परत आल्यावरही पुढे सहा महिने चालेल असा हवा. गेल्या खेपेला एक कुटुंब धक्क्यावरून सामानासकट घरी गेलं. धाकट्याचा पासपोर्ट संपत आला होता, कुणी उघडून पाहिलाच नव्हता." मग त्यांनी चिमणीकडे पाहिलं. "हिच्यासाठी पालक म्हणून कोण येणार?"

"मी," कडकताई म्हणाली.

"आई?"

"मावशी."

बाईंचा आवाज मऊ झाला. आई नसेल तर तिच्या मृत्यूचा दाखला लागेल, त्या म्हणाल्या, आणि वडील असतील तर त्यांनी स्वतः पासपोर्ट ऑफिसात यायला हवं. शिवाय मुलगी वडिलांशिवाय प्रवास करणार, तेव्हा त्यांचं तसं संमतीपत्रही लागेल.

घरी आल्यावर कडकताईनं सगळ्यांना वाढलं. जेवणं झाल्यावर म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन या. मी आणि चिमणी घर सांभाळतो."

चिमणी उठून ताटं उचलू लागली, आणि तेच कडकताईला जास्त लागलं. बाबा मात्र हात धुता धुता म्हणाले, "ती नाही तर मीही नाही. आणि नवरदेवच नाही म्हटल्यावर वरात कसली?"

"बाबा, तुम्हाला कळत नाही—"

"सगळं कळतं. तुला त्याची भीती वाटते. पण अगं, भीतीला किती दिवस इस्त्री करून घडी घालून ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी कडकताईनं दुकानाला कुलूप लावलं आणि ती लिफ्टवाल्याला शोधत निघाली. त्याच्या कंपनीतून पत्ता मिळाला तो एका उंच इमारतीचा. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं, आत खड्डा, आणि खड्ड्यात वाकलेली ग्रीसनं माखलेली पाठ. वाटेत तिनं भांडणाची सगळी तयारी केली होती. तो काय म्हणेल, आपण काय म्हणू, वकिलाचं नाव कधी काढायचं, सगळं. त्यानं वळून पाहिलं. केस पिकले होते.

"ताई? चिमणी बरी आहे ना?"

पहिलाच प्रश्न हा आल्यावर तयारी कुठल्या कुठे गेली. तिनं जहाजाचं सांगितलं, ऑफिसचं सांगितलं. तो खड्ड्यातून वर आला, चिंधीला हात पुसत राहिला.

"सही करतो की. कुठे यायचं तेवढं सांगा." मग म्हणाला, "फक्त एक करता येईल का बघा. मी आधी येऊन माझं काम उरकून जातो. तुम्ही तिला नंतर आणा. म्हणजे मला बघून घाबरायला नको."

कडकताईचंच वाक्य या माणसानं इतकी वर्षं जिवापाड सांभाळलं होतं.

"आता मोठी झाली ती," ती म्हणाली. "घाबरत नाही. एकत्रच जाऊ."

चिमणीला तिनं संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं पोर रडेल, रुसेल. चिमणीनं विचारलं, "ते लिफ्टमध्ये कधी अडकतात का?"

ऑफिसात बाकावर तिघं बसली, मधे चिमणी. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मग चिमणीला राहवेना. "अहो, दोर तुटला तर लिफ्ट धाडकन खाली पडते?" तो मोठ्या गंभीरपणे सांगू लागला की दोर एक नसतो, आणि सगळे तुटले तरी खालचे ब्रेक कसे रुळाला चावा घेतात. दोन्ही हातांनी चावून दाखवलं. चिमणी खिदळली. कडकताई भिंतीवरच्या सूचना वाचत होती, पण त्यातलं एक अक्षर तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिला हेवा वाटत होता, आणि हेवा वाटतोय याची लाजही वाटत होती.

खिडकीतल्या अधिकाऱ्यानं कागद चाळले. "वडील?"

त्यानं वर्गातल्या पोरासारखा अर्धा हात वर केला.

"मुलगी तुमच्याकडे राहते?"

"नाही साहेब. यांच्याकडे," तो म्हणाला. आणि मग कुणी न विचारताच पुढे म्हणाला, "आणि यांच्याकडेच राहील."

अधिकाऱ्यानं मान वर केली. "मग पालकत्वाचं कोर्टातून रीतसर करून घ्या ना. दर वेळी धावपळ कशाला?"

"करून घेऊ. ताई म्हणतील तेव्हा."

बाहेर पायऱ्यांवर तो निरोप घ्यायला थांबला. कडकताईला आभार मानता येत नव्हते. तिनं चिमणीची बट कानामागे सारली, पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

"रविवारी दुकान बंद असतं," ती एकदाची म्हणाली. "घरीच असतो आम्ही."

तो रविवारी आला. खुर्चीच्या कडेवर असा बसला की कुणी शिंकलं तर पडेल. पुढच्या खेपेला थोडा मागे सरकून बसला. चिमणीला 'बाबा' म्हणायला जमेना, म्हणून ती त्याला 'अहो'च म्हणायची. आजी तोंडाला पदर लावून हसायची, आणि एकदा तर तो स्वतःही हसला. त्या हसण्यात कडकताईला धाकटीचा संसार पहिल्यांदा नीट दिसला. दोन खोल्यांमध्ये ही दोघं हसत असणार, आणि आपण मात्र बहिणीच्या मरणापलीकडे कधी पाहिलंच नाही.

जहाजाच्या दिवशी धक्क्यावर तपासणी झाली. गणवेशातल्या बाईनं चिमणीचा पासपोर्ट पाहिला, संमतीपत्र वाचलं, आणि खाली वाकून विचारलं, "कुणाबरोबर चाललीस?"

"मावशीबरोबर. वडील सोडायला आलेत," चिमणी म्हणाली. बाईनं हसून शिक्का मारला.

वर डेकवर दादा सगळ्यांना उभं करून फोटो काढत होता. बाबांनी आईचा हात धरला होता. कडकताई कठड्याशी गेली. खाली कुंपणापलीकडे निरोप द्यायला आलेल्या लोकांत तो होता. कुठला डेक ते न कळून भलतीकडेच बघत होता.

"चिमणे, हाक मार त्यांना," कडकताई म्हणाली.

चिमणी ओरडली, पण जहाजाच्या भोंग्यात तिचा आवाज विरून गेला. तेव्हा कडकताईनं डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि हात उंच करून ती तो हलवू लागली, त्याची नजर वर येईपर्यंत.